बांधावरचे तुडतुडे, खाचरातले तुडतुडे

“ताई, सगळं रोप उपटून जाळायला सांगतायत. तुम्ही एकदा बघा, मग काय ते ठरवतो.”

मुरबाड तालुक्यातले एक काका एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि पुढे रिक्षा करून भर पावसात वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत आले होते. ऑगस्ट निम्मा सरला होता, लावणी होऊन तीनेक आठवडे झालेले. ओल्या फडक्यात गुंडाळलेले भाताचे पिवळट चूड त्यांनी टेबलावर ठेवले. मोबाइलवर पिवळ्या पानांचा आणि हिरव्या तुडतुड्यांचा फोटो बघून कोणीतरी ‘टुंग्रो’, म्हणजे तुडतुड्यांमुळे पसरणारा भाताचा विषाणूजन्य रोग, असं निदान ठोकलं होतं. दुकानदाराने तपकिरी तुडतुड्यांवरचं औषध हातात दिलं होतं, ते वेगळंच. एका खाचरावर दोन सल्ले, आणि किडा कोणता हे तोवर कोणीच पाहिलेलं नव्हतं.

पिशवीत अल्कोहोलच्या दोन कुप्याही होत्या. त्यांच्या गावच्या कृषी सहायक ताईंनी हातजाळी फिरवून किडे गोळा केले होते आणि प्रत्येक कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकली होती. एकीवर ‘बांध’, दुसरीवर ‘खाचर’. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. बहुतेक नमुने एकाच बाटलीत कोंबून येतात आणि किडा गवतावरचा की भातावरचा हे मग कुणालाच सांगता येत नाही.

तपकिरी तुडतुड्यांचा प्रश्न मिनिटभरात मिटला. त्यांच्या मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला हलणारा मोठा काटा असतो. माझ्यासमोरच्या किड्यांच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा होत्या, म्हणजे कूळ सिकॅडेलिडी आणि हे हिरवे तुडतुडे. दुकानदाराची बाटली काकांनी फोडली नव्हती, ते बरंच झालं.

खरं काम पुढे होतं. आपल्याकडच्या भातावर नेफोटेटिक्स या प्रजातीच्या (जीनसच्या) दोन जाती सर्रास सापडतात, व्हायरेसेन्स आणि निग्रोपिक्टस. दोन्ही हिरव्या, दोन्ही चार-साडेचार मिलिमीटरच्या, दोन्हींच्या नरांच्या पंखांची टोकं काळी. टुंग्रोचे विषाणू पसरवण्यात व्हायरेसेन्स सर्वांत पटाईत आहे, निग्रोपिक्टस त्या मानाने फारच कमजोर. शिवाय निग्रोपिक्टस बांधावरच्या गवतावरही आरामात जगतो, व्हायरेसेन्सला मुख्यतः भातच लागतो. त्यामुळे ‘हिरवे तुडतुडे आढळले’ एवढंच लिहून अहवाल देणं मला कधीच पटत नाही. जुन्या पुस्तकांत हे दोघे इम्पिक्टिसेप्स आणि एपिकॅलिस या नावांनी येतात. व्हायरेसेन्सचं वर्णन कीटकशास्त्रज्ञ डिस्टंटने 1908 मध्ये केलं तेव्हा त्याने ती जात वेगळ्याच प्रजातीत टाकली होती. जुनी नोंद वाचताना आधी नावं जुळवून घ्यावी लागतात.

अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडतो, किडे फिकट पिवळे पडतात. काळ्या खुणा मात्र टिकतात, आणि आम्हाला त्याच हव्या असतात. माद्यांवर या खुणा पुसट असतात, म्हणून आधी नर वेगळे काढले. ‘बांध’ कुपीतला पहिला नर भिंगाखाली पालथा ठेवला. डोक्याच्या माथ्यावर, पुढच्या कडेलगत, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत काळा पट्टा. छातीच्या पुढच्या कडेलाही काळी किनार. पंखावरचा काळा डाग आतल्या शिवणीला जाऊन टेकलेला. निग्रोपिक्टस. त्या कुपीतले जवळजवळ सगळे नर असेच निघाले.

‘खाचर’ कुपीत सरमिसळ होती. काहींचा माथा स्वच्छ, पट्ट्याचा मागमूस नाही, पंखावरचा डाग शिवणीच्या अलीकडेच थांबलेला. पण हे डाग कमीजास्त होतात, काही नरांत तर नसतातच. नुसत्या रंगावर मी सही करत नाही. पोटाचं टोक सुईने अलगद सोडवून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्यावर ठेवलं. मांस विरघळून फक्त कवच उरलं, ते धुऊन ग्लिसरिनच्या थेंबात घेतलं आणि नराचा जननावयव सुईने फिरवून बाजूने पाहिला. त्याच्या दांड्यावरच्या काट्यांच्या जोड्या आणि त्यांची मांडणी दोन्ही जातींत वेगळी असते. स्वच्छ माथ्याचे ते नर व्हायरेसेन्सच होते.

म्हणजे वाहक खाचरात हजर होता. काका स्टुलावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. “मग उपटू का?”

“नाही काका, इतक्यात नाही.” वाहक सापडला म्हणजे रोग सापडला असं होत नाही. आधी रोगट झाडाचा रस प्यायल्याशिवाय तुडतुडा विषाणू पसरवू शकत नाही. प्यायला तरी काही दिवसच तो विषाणू बाळगतो, आणि पिल्लाने कात टाकली की तोही जातो. मी परत चुडांकडे वळले. टुंग्रोत पान टोकाकडून पिवळं-नारिंगी होत येतं. इथे खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके होते आणि कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी पांढरट पडली होती. मला जस्ताची कमतरता दिसत होती.

काकांसोबत आयोडीनच्या द्रावणाची तपकिरी बाटली दिली आणि कृषी सहायक ताईंना फोनवर रीत सांगितली. टुंग्रो झालेल्या पानात स्टार्च साठून राहतो. निरोगी पान दिवसा बनवलेला स्टार्च रात्रीतून बाहेर पाठवतं, म्हणून पानं उजाडायच्या आत कापायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बॅटरी घेऊन खाचरात उतरल्या. पिवळी पानं आणि शेजारच्या चांगल्या खाचरातली पानं, दोन्हींची कापलेली टोकं त्यांनी पंधरा मिनिटं द्रावणात बुडवली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. काळ्या-निळ्या रेघा कुठेच नव्हत्या.

ही चाचणी केवळ अंदाज देते. म्हणून पानं पीसीआरसाठीही, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवली. निकाल येईपर्यंत काकांनी झिंक सल्फेट फवारलं आणि कीटकनाशक मी हट्टाने थांबवलं. खाचरात कोळी भरपूर होते आणि सरसकट फवारणीत आधी तेच मरतात. पीसीआरमध्ये विषाणू आढळला नाही. नवी पानं हिरवी आली, फुटवेही धरले.

कृषी सहायक ताईंनी आता तिथे प्रकाश सापळा लावला आहे आणि चिठ्ठ्या घातलेल्या कुप्या माझ्याकडे येत असतात. सप्टेंबरच्या कुप्यांत व्हायरेसेन्सचे नर आधीपेक्षा जास्त दिसले. म्हणून कापणी झाली की धसकटं नांगरून गाडायची आणि पुढच्या जूनमध्ये आवणापासूनच (रोपवाटिकेपासूनच) हातजाळी फिरवायची, असं काकांशी बोलून ठरवलंय.