एक जुनी 407, पाच गाड्या आणि डिझेलची वही : आमची वाटचाल

धंदा कधी सुरू केला असं कुणी विचारलं की आमच्या हिला साल आठवतं आणि मला डिझेलचा भाव. साल 2009, भाव पस्तीस-छत्तीस रुपये. मी तेव्हा कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅचला होतो, कास्टिंग भरून गाड्या चाकणला जायच्या, त्यातला एक टेम्पोवाला गाडी विकून गावी शेती करायला निघाला आणि मी त्याची 407 घेतली. अर्धे पैसे पतसंस्थेचे, अर्धे सासऱ्यांचे. पतसंस्थेचे फिटले, सासरे अजून राहू द्या राहू द्या म्हणतात म्हणजे काय समजायचं ते समजा.

तेव्हा डिझेलची काळजी अशी नव्हतीच. सरकार अधूनमधून भाव वाढवायचं, संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की रात्री बारापर्यंत पंपावर ही रांग, लोक कॅन घेऊन उभे, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेम्पोवाले कंपनीत जाऊन म्हणायचो साहेब डिझेल वाढलं, भाडं बघा. कुरकुर करून का होईना, बघायचे. 2013 पासून महिन्याला 50 पैसे चढायला लागलं आणि ऑक्टोबर 2014 ला डिझेल पूर्ण बाजारावर सोडलं, पण नेमकं तेव्हाच जगात तेल पडत होतं म्हणून आम्हाला काही टोचलं नाही. उलट त्याच हवेत मी दुसरी गाडी बुक केली, 14 फुटी आयशर.

टोचलं ते 16 जून 2017 पासून. रोज सकाळी 6 ला नवीन भाव. आज दहा पैसे, उद्या बारा पैसे. आता दहा पैशांसाठी कंपनीच्या परचेसवाल्याला कोण फोन करणार? तोच हसणार. असं न बोलता न बोलता 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला भाव ऐंशीला टेकत आला आणि भाडं आपलं दोन वर्षांपूर्वीचंच. कोल्हापूर-चाकण येऊन-जाऊन 540 किलोमीटर, आयशर लिटरला 8 चा ॲव्हरेज देते, म्हणजे फेरीला साडेसदुसष्ट लिटर. डिझेल 15 रुपयांनी चढलं की हजार रुपये एका फेरीचे गेले, आणि फेरीमागं आमच्या हातात राहत होते बाराशे-तेराशे.

त्यात हिने हिशेब करताना एक दिवस विचारलं, अहो, आयशर आधी साडेआठ देत होती, आता सात कशी काय देते? झालं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मामांचा. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, नात्याचे नाहीत पण सगळी एमआयडीसी त्यांना मामाच म्हणते. डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर या लाइनला आहेत हे काही गुपित नाही. तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही म्हणून सांगितलं, मामा, ह्या खेपेला मी पण येतो, चाकणला पार्टीला भेटायचंय.

किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, चारी टोल झाले, मामा पन्नास-पंचावन्नच्या वर गाडी नेत नव्हते, खंबाटकीत मागचे हॉर्न मारत होते तरी टॉपवरनं वेळेत गिअर खाली. मी मनात म्हणतोय हा माणूस आज मी बसलोय म्हणून नीट चालवतोय. पहाटे पाचला कंपनीच्या गेटला लागलो. पुढं तीसेक गाड्या. आणि मग ती रांग सुरू झाली, दहा मिनिटांनी एक गाडी आत, सगळे दहा फूट पुढं, परत थांब. इंजिन चालूच. मी म्हटलं बंद करा की. मामा म्हणाले, "मालक, दर दहा मिन्टाला सेल मारला तर ब्याटरी बसंल, आन् न्हाई सरकलो तर मधीच दुसरा घुसंल." साडेअकराला माल उतरला. उतरवताना वजनकाट्याची पावती बघितली तर गाडीत पासिंगपेक्षा, म्हणजे परवानगीच्या वजनापेक्षा, सातशे किलो जास्त. आमचाच जुना डिस्पॅच, माझ्याच जागेवर आलेला पोरगा, "तुमचीच गाडी आहे सर" म्हणून वर दोन क्रेट टाकायचा आणि मामा लिहिता-वाचता येत नसल्यानं चलनावरचं वजन बघायचेच नाहीत. आणि मागच्या डाव्या टायरला हवा एवढी कमी की मला लाज वाटली, कारण हवेचे आणि अलाइनमेंटचे पैसे मीच चार महिने पुढं ढकलत होतो.

परत येताना साताऱ्यापर्यंत मी काही बोललो नाही. साताऱ्यात चहा पिताना मामाच म्हणाले, "बघिटलंसा न्हवं?" म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं मी कशाला आलोय ते. आज लिहितानाही बरं वाटत नाही.

तिथून ती वही सुरू झाली. शाळेची दोनशे पानी वही, गाडीमागं एक. टाकी फुल्ल टू फुल्ल, किलोमीटर, लिटर, किती तास गेटला उभी होती, आणि भरलेलं वजन, ते आता हमाल किंवा ड्रायव्हरचा मुलगा फोनवर वाचून सांगतो. प्रत्येक गाडीचा एक ॲव्हरेज ठरवला आणि सांगितलं त्याच्यावर जेवढं डिझेल वाचेल त्याचे निम्मे पैसे ड्रायव्हरचे, महिन्याच्या 5 तारखेला रोख. पहिल्या महिन्यात मामांना अकराशे रुपये मिळाले. तिसऱ्या महिन्यात सगळे ड्रायव्हर स्वतःच सकाळी हवा चेक करायला लागले आणि गेटवर आयशरवाल्यांनी आपसात ठरवून नंबर लावायची चिठ्ठी सुरू केली, गाडी साइडला लावून बंद. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं.

एक गोष्ट मात्र वहीमुळंच उलटी व्हायला लागली होती. वाचलेल्या डिझेलचे पैसे मिळतात म्हटल्यावर एक तरुण ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल मारून गाडी सोडायला लागला. त्याला ओरडलो, ऐकेना. नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाच्या उताराला एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या, ड्रायव्हरनं उताराला इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं, तो उतार आमच्या रोजच्या रस्त्यातला. मग त्याला शोरूमच्या मेकॅनिककडे बसवला. मेकॅनिकनं समजावलं, नवीन गाडी गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल घेतच नाही, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं डिझेल जातं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. तेव्हा थांबला.

मध्ये 2019 चा महापूर झाला, हायवे बंद, दोन गाड्या पुण्याच्या बाजूला अडकल्या, कोल्हापुरात पंपावर डिझेल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. नंतर लॉकडाऊन. मे 2020 ला जगात तेल पाण्याच्या भावानं आणि आपल्याकडं डिझेलवर 13 रुपये एक्साइज वाढली, जूनमध्ये तर तीन आठवडे जवळजवळ रोज भाव चढला. कामच नव्हतं म्हणून तेवढं जाणवलं नाही एवढंच. हप्ते मात्र जाणवले.

ऑक्टोबर 2021 ला डिझेल शंभरच्या वर गेलं तेव्हा मी वह्या घेऊन कंपनीत गेलो. भाडं वाढवा म्हटलं नाही. म्हटलं, आजचा भाव धरू आणि डिझेल 2 रुपयांनी हललं की फेरीचं भाडं 135 नं हलेल, वर पण आणि खाली पण. परचेसच्या साहेबांनी वही उलटून बघितली, दोन ठिकाणी त्यांच्याच गेटचे सहा-सहा तास लिहिलेले बघून जरा गप्प झाले, आणि एका महिन्यासाठी ट्रायल म्हणून हो म्हणाले. गंमत अशी की पुढच्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, दिवाळीत, एक्साइज 10 रुपयांनी कमी झाली, पंपावर 12 च्या वर उतरलं. ही म्हणाली आता? आता काय, 810 रुपये कमी करून बिल पाठवलं. त्यांच्या अकाउंटवाल्याचा फोन आला, बिल चुकलंय का तुमचं. त्या फोनमुळं आज त्यांच्या तीन लाइन, म्हणजे तीन रूटचं काम, आमच्याकडे आहे असं मी मानतो, ही म्हणते दुसरा टेम्पोवाला वेळेवर येत नव्हता म्हणून. असेल.

हद्दीपलीकडच्या डिझेलचं विचारतात सगळे, कोल्हापूरकर म्हटल्यावर. 2022-23 ला कर्नाटकात लिटरला पाच-सात रुपये स्वस्त पडायचं हे खरं. पण शिरगावातनं मुद्दाम कोगनोळीकडं जायचं म्हणजे येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर, चार लिटर तिकडंच गेलं, 70 लिटरवर वाचले साडेचारशे आणि त्यातले साडेतीनशे रस्त्यात. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीमधनं माल असेल तेव्हाच आम्ही पलीकडं भरायचो. जून 2024 आणि एप्रिल 2025 ला त्यांनीही टॅक्स वाढवला आणि तो विषय जवळपास संपला.

सीएनजीची एक छोटी गाडी घेतली, लोकलला, एप्रिल 2022 ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्के केला त्या आनंदात. गॅसचा भाव वर्षाच्या आत परत वर, आणि पंपावर तास-दीड तास रांग. वाईट नाही गाडी, पण दिवसाला एक खेप रांगेत जाते.

मामांनी गेल्या वर्षी स्टेअरिंग सोडलं, गुडघे. तरी सकाळी सातला येतात, पाचही गाड्यांच्या टायरला हातोडीनं ठोकून आवाज ऐकतात आणि मग नातवाला वही वाचायला लावतात. परवा 1109 गाडीचा ॲव्हरेज सव्वासात आलेला ऐकून म्हणाले, "नोजल बघा, पोराला काय बोलू नगासा." इंजिनात डिझेल फवारणारं नोजलच निघालं. शनिवारी काम करून घेतोय.