टाक, दौत आणि वोसेलसाहेब

आजची अख्खी दुपार एका माणसाच्या कानात गेली. म्हणजे कान काढण्यात!

ज्यूल शेराँने लुई वोसेल या फ्रेंच कलासमीक्षकाचं शाईत काढलेलं व्यक्तिचित्र समोर ठेवून नक्कल करायला बसले होते. पेन्सिलीचा आधार घ्यायचा नाही, थेट टाक. डोळे बरे जमले. मग कानाच्या पाळीपाशी निब कागदाच्या तंतूत अडकली, फुर्रकन उडाली आणि हा एवढा डाग! टिपकागद शोधेपर्यंत शाई आत मुरली होती.

आई डोकावली. "कोण गं हा? चांगल्या घरचा दिसतो."

तर हा चांगल्या घरचा माणूस १९०५ साली पॅरिसच्या सलोन दोतोन या चित्रप्रदर्शनात गेला. मातीस, दरँ या चित्रकारांच्या भडक रंगांच्या खोलीत आल्बेर मार्कचं एक जुन्या वळणाचं शिल्प ठेवलं होतं. यानं 'जिल ब्लास' या वर्तमानपत्रात लिहिलं, 'हिंस्र श्वापदांत दोनातेल्लो' (दोनातेल्लो म्हणजे पंधराव्या शतकातला इटालियन शिल्पकार). झालं, त्या चित्रकारांना 'फोव्ह' म्हणजे श्वापदं हेच नाव पडलं. १९०८ साली ब्राक या चित्रकाराची चित्रं पाहून म्हणाला, हा सगळ्याचे घन करून टाकतो. त्यातून चित्रकलेतल्या क्युबिझमचं, म्हणजे घनवादाचं, नाव! दोन्ही वेळा टोमणाच मारला होता बिचाऱ्याने, आणि आज त्याचं नाव निघतं ते या टोमण्यांमुळेच. (नावं ठेवण्यात आमची आत्याही कमी नाही, पण तिला कोण छापणार?)

डाग लपवायला कानामागे केसांच्या रेघा वाढवत गेले. आता साहेबांना एकाच बाजूला दाट केस आहेत. वही पंख्याखाली वाळत ठेवलीय.