सातबाऱ्याबाहेरची उपजीविका

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट आणि माहूर तालुक्यांत पर्यटनविकासाचा विषय निघाला की सहस्रकुंडचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि रेणुकामातेचा गड यांची नावे पुढे येतात. त्याच डोंगरपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध आणि परधान ही आदिवासी कुटुंबे राहतात. वाहनतळासाठी किंवा विश्रामगृहासाठी जमीन संपादित होते, तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा ठरतो. या कुटुंबांची बरीचशी उपजीविका मात्र सातबाऱ्यावर नसतेच.

खरिपात कापूस, ज्वारी आणि तूर, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर तेंदूपत्ता, शिवाय चारोळी, डिंक आणि गायरानावर चरणारी जनावरे, असे त्यांचे वर्ष अनेक लहान कमायांवर चालते. त्यातली जमीन गेली आणि जंगलाकडची पायवाट कुंपणाने अडली, तर रोख रक्कम घर बांधण्यात आणि लग्नात संपते. पर्यटनातून रोजगार मिळेल, असे सांगितले जाते. सहस्रकुंड भरून वाहते ते पावसाळ्यात, म्हणजे पेरणी-निंदणीच्या ऐन दिवसांत. उन्हाळ्यात, जेव्हा हाताला काम हवे असते, तेव्हा धार आटते आणि गर्दीही ओसरते. हा हिशेब कोणत्याही आराखड्यात आधी मांडला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याने हे ओळखलेले आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात पर्यटन प्रकल्प सार्वजनिक प्रयोजनात येतो, परंतु पायाभूत प्रकल्पांच्या यादीतून खासगी हॉटेले वगळलेली आहेत. बाधित कुटुंबांत शेतमजूर, बटाईदार आणि वनोपज गोळा करणारेही मोडतात, मग त्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नसली तरी चालते. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, शक्यतो संपादन करू नये आणि केल्यास ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असे कलम ४१ सांगते. किनवट तालुक्यातील अनेक गावे या क्षेत्रात आहेत. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीच्या नावे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ चे बंधन आहेच. त्यामुळे जमीन गावाकडेच ठेवून वाहनतळ आणि प्रवेशशुल्क ग्रामसभेने चालवावे, ही वाट मला अधिक न्याय्य वाटते.

तरीही संपादन अटळ असेल, तर सामाजिक परिणामांची जनसुनावणी एप्रिल-मेमध्ये ठेवू नये. त्या दिवसांत माणसे पहाटेच मोह आणि तेंदूपत्ता गोळा करायला रानात गेलेली असतात. सुनावणीची तारीख गावाने सांगावी, सूचना गोंडी आणि कोलामीतूनही द्यावी आणि बाधितांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.