तुम्ही विचारलंत म्हणून: कागद नसताना रात्रभर बोलता कसं?

दशावतारात, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, काम करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘तुमच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं म्हणतात, ते खरं का? मग रात्रभर बोलता कसं?’ मुंबई-पुण्याचे पाहुणे विचारतात, कॉलेजात एकांकिका करणारी मुलं विचारतात, लग्न होऊन गावात आलेल्या सुना विचारतात. काही जण आवाज खाली आणून म्हणतात, खरं सांगा, पाठ केलेलं असतं ना? मी आजवर उभ्या उभ्या ‘सवय आहे’ एवढंच सांगत आलो. त्यानं विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून आज नीट सांगतो.

पाठ केलेलं नसतं. संवाद कुठेही लिहिलेले नसतात, तालीम नसते, विंगेत प्रॉम्प्टर नसतो. मात्र तोंडाला येईल ते बोलतो असंही नाही. काय ठरलेलं असतं आणि काय नसतं, ते कळलं की आमचं काम कळतं.

आधी आमची रात्र समजून घ्या. सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेला लागून येते, आणि तिथून पुढे वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, मालवण, दोडामार्ग, आज या गावी तर उद्या त्या, असं थेट वैशाखापर्यंत चालतं. जत्रा देवाची असते, नाटक तिचा एक भाग. ओट्या भरून होतात, नवस फेडून होतात, पालखी देवळाभोवती फिरते, आणि मग आमचा पेटारा उघडतो. पालखी कुठे बाराला टेकते, कुठे दोनला. शेवट मात्र पक्का आहे. उजाडताना दहीकाला व्हायलाच हवा, हंडी फुटायलाच हवी. म्हणजे आमच्या नाटकाला सुरुवातीची वेळ नाही, शेवटाची आहे. मधले तास त्या रात्री त्या गावात जेवढे मिळतील तेवढे. एकच आख्यान, म्हणजे पुराणातली एकच गोष्ट, एका गावात पाच तास करायचं आणि दुसऱ्या गावात अडीच. सांगा, लिहिलेली संहिता इथे कुणाच्या कामाची? कागद नसणं हे आमचं मागासलेपण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आधी हे सांगतो. आमची रात्रच आधी ठरत नाही, म्हणून कागद चालत नाही.

आता ठरलेलं काय असतं ते सांगतो. रात्रीचे दोन भाग. पहिला आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. सूत्रधार येतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात. वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर येतो आणि विष्णू त्याचा वध करतात. यातला क्रम पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्या ताज्या गोष्टींवर बोलतो, म्हणून बारकी पोरं त्याच्यासाठी जागी राहतात. दुसरा भाग आख्यान. इथे राजा, राणी, ऋषी, राक्षस, देव, सगळे ग्रांथिक मराठीत बोलतात, आणि तुमचा प्रश्न येतो तो याच भागाबद्दल.

प्रयोगाआधी आम्ही रंगपटात आरसे घेऊन बसतो. आमच्याकडे ज्याचं तोंड त्यानंच रंगवायचं असतं. सफेदा लावता लावता मालक किंवा कंपनीतला जाणता नट त्या रात्रीचं कथासार सांगतो. गोष्ट कुठून उचलायची, कोण कुणाच्या मागून येणार, शाप कुठे, वर कुठे, युद्ध कुणाकुणात आणि मरणार कोण. प्रत्येक प्रवेशात एखादी गोष्ट अशी असते की ती प्रेक्षकांपर्यंत गेलीच पाहिजे, नाहीतर पुढचा प्रवेश लंगडा होतो. ती आम्ही घट्ट धरून ठेवतो. बाकीचं बाकड्यापाशी गेल्यावर. आमच्या रंगमंचावर मागे पडदा आणि मधे एक लाकडी बाकडं, एवढंच असतं. ते कधी सिंहासन, कधी शिळा, कधी पलंग. बाजूला पायपेटी, म्हणजे पायानं भाता चालवायची पेटी, पखवाज आणि झांज.

संयुक्त दशावतार असला तर वेगवेगळ्या कंपन्यांतले नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. समोरच्या माणसाबरोबर आधी कधी काम केलेलंच नसतं, कथासार ऐकायलाही थोडाच वेळ मिळतो, आणि तरी प्रयोग उभा राहतो. हे कसं होतं? कारण आम्ही सगळे एकाच ठिकाणाहून शब्द आणतो.

ते ठिकाण म्हणजे पोथ्या. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप हे 18व्या शतकाच्या सुरुवातीचे ग्रंथ आमच्या घरांत श्रावणात वाचले जायचे, अजूनही काही घरांत वाचले जातात. मी लहानपणी घरातल्या मोठ्या माणसांशेजारी बसून त्या ओव्या ऐकल्या. नंतर कंपनीत गेल्यावर ज्येष्ठ नटांनी सांगितलं, पावसात शेतीची कामं आटपली की पोथी काढ, ओवी वाच आणि तीच गोष्ट स्वतःच्या वाक्यांत मोठ्यानं बोल. शिवाजी पार्कात नेटवर घाम गाळणारा खेळाडू मॅचमध्ये कुठला फटका मारायचा हे घरून ठरवून येत नाही, तसंच हे आहे. माझ्याकडे संवाद नसतात, पण क्रोधाचं, विनवणीचं, उपहासाचं, आशीर्वादाचं बोलणं घोटून घोटून जिभेवर बसलेलं असतं. ते त्या रात्री कुणापुढे आणि किती काढायचं, हे मात्र समोरचा नट ठरवतो.

एक प्रसंग सांगतो. बळी-वामनाचं आख्यान होतं. मी बळी, आणि शुक्राचार्य आमच्यातले एक ज्येष्ठ नट. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ठरलेलं एवढंच की शुक्राचार्य दान देऊ नको म्हणणार, बळी ऐकणार नाही, मग शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसणार आणि दर्भानं त्यांचा डोळा फुटणार. प्रवेश छोटा. नेहमी शुक्राचार्य म्हणतात, हा बटू नाही, विष्णू आहे. बळी म्हणतो, मग तर माझं भाग्यच. त्या रात्री आबा वेगळंच बोलले. ते म्हणाले, ‘राजा, दान तू देणार, पण उपवास कुणाला घडणार? तीन पावलांत तुझी भूमी गेली तर त्या भूमीत पेरणारे कुठे जातील? पुण्य तुझ्या नावावर आणि भूक त्यांच्या, हा कुठला धर्म?’

हे कथासारात नव्हतं. प्रश्न खरा होता, त्याला ‘भाग्य’ म्हणून उत्तर देता आलं नसतं. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला, म्हणजे मला श्वासापुरता वेळ दिला. मी बाकड्याला एक फेरी घातली आणि म्हणालो, ‘आचार्य, दारात आलेल्या याचकाला दिलेला शब्द राजानं फिरवला, तर उद्या या राज्यात कर्ज घेणारा शब्द फिरवील, साक्ष देणारा फिरवील, पहारेकरी फिरवील. माझ्या प्रजेला अन्न मिळेल, पण कुणाच्या भरवशावर झोपावं हे तिला कळणार नाही.’ आबा तिथे थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. ‘म्हणजे तुला प्रजेपेक्षा तुझा शब्द मोठा!’ असं म्हणून ते पुढे सरसावले, मीही माघार घेतली नाही, आणि तो छोटा प्रवेश लांबतच गेला. पखवाज अधूनमधून ठेका टाकून दोघांना उचलत होता. समोर एक माणूस हलला नाही.

नंतर रंगपटात मी आबांना विचारलं, आज हे कुठून काढलंत? ते म्हणाले, ‘पुढे बसलेले बघितलंस मां? औंदा अवकाळी पावसान हेंचा भात गेला. त्यांच्या बाजून कोणी तरी इचारूक नको?’ मी आख्यान डोक्यात घेऊन उभा होतो, ते समोरचं गाव डोक्यात घेऊन उभे होते. त्यांच्याकडून मी जे शिकलो त्यात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्ही विचारता, मधेच काही सुचलं नाही तर? सुचत नाही असं होतंच की. म्हणून तर पायपेटी आहे. नट अडला की पेटीवाला एखाद्या पदाची सुरावट काढतो, नट पद उचलतो, आणि पद संपेपर्यंत वाक्य हाताशी आलेलं असतं. समोरचा नटही प्रश्न विचारून वाट काढून देतो. राजा गडबडला तर प्रधान हात जोडून म्हणतो, ‘महाराज, आपल्या मनात आश्रमावर जाण्याचं आहे असं दिसतं.’ लोकांना तो प्रधानाचा नम्रपणा वाटतो, राजाला पुढचा प्रवेश आठवतो. उलटही असतं. राणीचं नेसणं व्हायचं असेल तर पडद्यामागून हळूच सांगणं येतं, ‘वायच वाढवा.’ मग शिकारीला निघालेल्या राजानं अरण्याचं वर्णन करत राहायचं. पहाट जवळ आली की तिथूनच येतं, ‘आटपता घेवा, उजाडाक इला.’ मग दोन प्रवेशांचा एक करायचा, पण गोष्टीचा सांधा निसटू द्यायचा नाही.

आणि समोरचे लोक! पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आख्यान आमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. एखाद्याच्या तोंडून ऋषीचं नाव चुकलं तर खालून आवाज येतो, ‘शाप दुर्वासाचो, विश्वामित्राचो न्हय!’ बायकांचं लक्ष स्त्रीपात्रावर असतं. आमच्याकडे स्त्रीभूमिका पुरुष करतात, ही चाल इतकी जुनी की समर्थ रामदासांच्या दासबोधातही दशावतारी खेळातल्या ‘सुंदर नारी’ खरं तर पुरुषच असल्याचा उल्लेख आहे. ओमप्रकाश चव्हाणांसारख्या नटांनी या भूमिकांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती नुसत्या साडीनं आणि चालीनं मिळत नाही. राणीनं नवऱ्याशी कसं भांडावं, सासूपुढे किती बोलावं, कुठे गप्प बसावं, हे समोर बसलेल्या बायकांना पटलं पाहिजे, आणि तेही न लिहिलेल्या वाक्यांत. आमच्या कामातलं सगळ्यात अवघड बोलणं तेच, असं मी मानतो.

ही विद्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर, खानोलकर अशा कंपन्याच आमच्या शाळा. पोरगा आधी पेटारा उचलतो, मग द्वारपाल होतो, मग राक्षस. तोवर तो पेटीवाल्याच्या मागे बसून रोज रात्री मोठ्यांचं ऐकतो. बाबी नालंग, बाबी कलिंगण यांच्या पिढीनं असंच ऐकत ऐकत शब्द कमावला, आणि 2022 मध्ये गेलेले सुधीर कलिंगण ‘लोकराजा’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्या नाटकाला लोक मैलोन्‌मैल जायचे ते गोष्ट काय आहे हे कळायला नव्हे, गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आज काय बोलणार, यासाठी जायचे.

हे सगळं सांगण्यामागे माझी एक काळजीही आहे. आता ट्रिकसीनची नाटकं चालतात. धूर, रंगीत दिवे, अधांतरी उचलले जाणारे देव. लोकांना आवडतात, आणि त्यातून नटांच्या घरी दोन पैसे जास्त जातात, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दिव्याचं बटण ठरल्या वेळी दाबायचं असतं, म्हणून वाक्यही ठरून जातं. स्पर्धांना वेळेचं बंधन असतं, तिथे संवाद घोटून नेले जातात. आणि सगळ्यात मोठा बदल मोबाईलचा. एका गावात एखादं वाक्य चांगलं गेलं की दुसऱ्या दिवशी ते हजारो लोकांनी ऐकलेलं असतं. पुढच्या गावात पोरं म्हणतात, काका, तां वाक्य घेवा मां. प्रेमानं म्हणतात. पण ते वाक्य ज्या प्रश्नाचं उत्तर होतं, तो प्रश्न त्या रात्री कुणी विचारलेलाच नसतो. नवे नट व्हिडिओ पाहून पाठ करतात, त्यांचं बोलणं खणखणीत असतं, आणि समोरच्यानं वाट बदलली की ते जागच्या जागी उभे राहतात. त्यांना दोष देत नाही, त्यांना ऐकत बसायला तेवढ्या रात्री मिळालेल्याच नाहीत. मी माझ्यापरीनं मोठ्या प्रवेशात एखाद्या नव्या मुलाला समोर घेतो आणि त्याला न सांगता एक प्रश्न विचारतो. पहिल्यांदा तो घाबरतो. पण उत्तर देतो.

तर, तुम्हाला खरंच पडताळून बघायचं असेल तर एक करा. एखाद्या कंपनीचं एखादं आख्यान एका जत्रेत बघा, आणि काही दिवसांनी त्याच कंपनीचं तेच आख्यान दुसऱ्या गावात बघा. पुढे बसा, पेटीवाल्याचा हात दिसेल असे. नट तेच असतील, शाप तोच असेल, मरणाराही तोच असेल. दोन्ही रात्री राजा आणि ऋषी एकमेकांना काय काय विचारतात तेवढं ध्यानात ठेवा, आणि दहीकाल्यानंतर रंगपटात येऊन मला सांगा. आम्ही रंग उतरवत बसलेलो असतो, बोलायला वेळ असतो.