एका कानाने ऐकलेला बँड

मे महिन्याच्या सुट्टीला भाचा विट्याहून आमच्याकडे मिरजेला आला आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइल माझ्या कानाला लावून म्हणाला, "मामा, हे ऐक. जपानी आहे, तुला कळणार नाही म्हणा." सुरुवातीला नुसता बेस गिटार दुडदुडत आला. मी गाण्याचं आणि बँडचं नाव सांगून टाकलं, "हारुका कानाता. एशियन कुंग-फू जनरेशन." पोराचं तोंड असं झालं की जणू त्याची सायकलच कुणीतरी नेली.

हा आपलाच शोध आहे असं त्याला वाटत होतं. मलाही २००७ साली अगदी तसंच वाटलं होतं.

सांगलीत विश्रामबागला कॉलेजात होतो. होस्टेलवरच्या एका मित्राच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि कुठून कुठून फिरत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये 'नारुतो' या जपानी कार्टून मालिकेचे भाग. चित्र इतकं फुटलेलं की खालची इंग्रजी अक्षरं निम्मी अंदाजाने वाचायची. २६व्या भागापासून सुरुवातीचं गाणं बदलतं आणि हे लागतं. बाकीची पोरं गाणं पुढे ढकलायला बघायची, मी माउसवर हात ठेवून बसायचो. दीड मिनिटाचा तुकडा. पुढे कधीतरी मारुती रोडवरच्या एका नेट कॅफेत अख्खं गाणं ऐकलं, तेव्हा कळलं की आपण ऐकत होतो ती नुसती सुरुवात. आरती संपली म्हणून चपला घालाव्यात आणि आत मंत्रपुष्पांजली सुरू व्हावी, तसं झालं.

बँडची माहिती थोडक्यात सांगतो, कारण भाच्यालाही ती नव्हती. १९९६ साली योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठातल्या संगीत क्लबात जमलेली ही मंडळी. गोतो गातो आणि गिटार वाजवतो, किता दुसऱ्या गिटारवर, यामादा बेसवर आणि इजिची ड्रम्सवर. कुंग-फूचा यात काही संबंध नाही. गोतो चष्मा लावतो आणि दिसतो बँकेत पासबुक भरून देणाऱ्या माणसासारखा. रॉकवाले म्हणजे केस वाढवलेले, अंगावर साखळ्या, अशी माझी समजूत होती, आणि इथे हा माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय. मला फार बरं वाटलं ते बघून. मी तेव्हाही हिशेबनीसच दिसायचो.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं, यावर मामा-भाच्यांचं वाजलं. त्याच्या मते 'हारुका कानाता', माझ्या मते 'रिराइट'. २००४ साली आलं, 'फुलमेटल अल्केमिस्ट' या दुसऱ्या एका जपानी कार्टूनच्या पहिल्या मालिकेचं सुरुवातीचं चौथं गाणं. त्यात 'पुसून टाक, पुन्हा लिही' अशा अर्थाची एक आरोळी आहे, ती जपानी न येणाऱ्यालाही एका ऐकण्यात पाठ होते. ज्या अल्बममध्ये ते आहे तो 'सोल-फा' त्यांनी २०१६ मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा रेकॉर्ड केला. म्हणजे 'रिराइट' त्यांनी खरोखरच रिराइट केलं. माझ्याकडे दोन्ही आहेत. जुन्यात घाई आहे, आणि मला ती घाईच आवडते.

आता खरी गोष्ट. २०११ ते २०१३ मी कराडच्या एका कारखान्यात हिशेब बघायचो आणि रोज मिरजेहून पॅसेंजरने जायचो. मोबाइलमध्ये हीच गाणी, आणि इअरफोनचा उजवा कान मेलेला. नवा घ्यायला काही फार पैसे लागत नव्हते, पण डावा चालतोय की, म्हणून घेतला नाही. जवळजवळ वर्षभर मी हा बँड एका कानाने ऐकला. मग मोठ्या बहिणीने भाऊबीजेला उलटी ओवाळणी म्हणून नवा इअरफोन दिला. माधवनगर सोडल्यावर तो लावला आणि दचकलो. उजवीकडे आणखी एक गिटार वाजत होती! इतके दिवस ती तिथेच होती. डावीकडचा एक ओळ म्हणतोय आणि उजवीकडचा तिला अडवतोय, पुढे जातोय, मधेच दोघं गळ्यात गळा घालतायत. नांद्रे आलं, भिलवडी आली, मी तेच गाणं लावत राहिलो. समोरच्या दूधवाल्या काकांनी विचारलं, "काय ओ, तब्येत बरी आहे ना?"

त्याच आठवड्यात ठरवलं, गिटार घ्यायची. घेतली सेकंडहँड, अकूस्टिक. चार कॉर्ड शिकलो आणि नंतर ती कपाटावर गेली, हे काही वेगळं सांगायला नको.

या मे महिन्यात भाच्याने ती खाली काढली. तारा अडकतात ती खालची पट्टी लाकडापासून सुटून वर आलेली. मिरजेत राहून गिटारची पट्टी सुटली तर माणूस कुठे जाणार? गेलो सतारमेकर गल्लीत, ओळखीच्या एका चाचांकडे. तिथे सगळीकडे भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या दांड्या, पत्र्याच्या डब्यात सरस गरम होतोय. शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावायचं सोडून वाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा ठिकाणी मी माझी गिटार घेऊन गेलो म्हणजे पैठणीच्या मागावर पायजम्याची नाडी घेऊन गेल्यासारखं. चाचांनी ती उलटीपालटी केली, "सोड दोन दिवस" म्हणाले आणि पोराला विचारलं, "काय वाजवतोस?"

भाच्याने मोबाइलवर 'हारुका कानाता' लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तंबोऱ्याच्या कारखान्यात हा धिंगाणा! चाचांनी हातातली कानस खाली ठेवली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"ही तार अशी भरून का येते?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या परीने सांगितलं. आवाज इतका वाढवायचा की यंत्राला तो झेपत नाही, मग लहरींचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वराच्या अंगावर आणखी वरचे स्वर उगवतात. डिस्टॉर्शन म्हणतात त्याला.

"म्हणजे जवारी काढलीय म्हण की."

मग त्यांनी एका तंबोऱ्याची घोडी दाखवली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. वरून सपाट दिसते, पण तिला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार हलताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, आणि त्यातून ती झंकार येते. उतार किती हवा हे घासून, ऐकून, पुन्हा घासून ठरतं. कानसेचा एक हात जास्त झाला की गेलं. खाली सुताचा दोरा सरकवून त्यांनी तार छेडली. आधी ती नुसती वाजत होती, आता बोलायला लागली. "ही खुली जवारी. काही गवयांना बंद लागते. तुझ्या या पोरांची," मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "जरा जास्तच खुली आहे."

भाचा हसला, मी नाही हसलो. दोन्हींची रीत वेगळी आहे, एकीकडे वीज आणि एकीकडे घासलेलं हाड, पण कानाला हवं असतं तेच की. स्वच्छ स्वर पुरत नाही माणसाला.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी म्हणाले, "एक खालचा, एक वरचा, तोच स्वर एकदम धरलाय ना?" अगदी बरोबर. ऑक्टेव्ह, ही या बँडची खूणच आहे. दोन तारा दाबायच्या, मधली बोटाच्या पेराने मुकी ठेवायची. मी ते दहा वर्षांपूर्वी इंटरनेटवर वाचून शिकलो होतो, चाचांनी दोन वेळा ऐकून ओळखलं. "जोडीचा सा आणि खर्जाचा सा. तंबोऱ्यात दुसरं काय असतं?"

पट्टी चिकटवण्याचे दीडशे रुपये घेतले. मी दोनशे दिले तर पन्नास परत केले.

गिटार घरी आल्यावर मी भाच्याला ऐकवायचाच होता तो अल्बम ऐकवला. गाजलेल्या गाण्यांपेक्षा मला तो जवळचा. नाव 'सर्फ बुंगाकु कामाकुरा', साल २००८. बुंगाकु म्हणजे साहित्य. फुजिसावा ते कामाकुरा अशी १० किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, एनोदेन नावाची, १५ स्टेशनांची. एकीकडे समुद्र, आणि एनोशिमा-कोशिगोएच्या मधे तर ही गाडी चक्क रस्त्यावरून जाते. या अल्बममधलं प्रत्येक गाणं एकेका स्टेशनच्या नावाचं. 'फुजिसावा लूझर'पासून सुटायचं, 'कुगेनुमा सर्फ', 'कोशिगोए क्रायबेबी' असं करत 'कामाकुरा गुडबाय'ला उतरायचं. तेव्हा दहाच स्टेशनांची गाणी होती. उरलेली पाच २०२३ मध्ये आली. १५ वर्षं लागली म्हणून भाचा हसला. त्याला काय माहीत, आपल्याकडे नुसता थांबा मंजूर व्हायलाही तेवढी लागतात.

मी पॅसेंजरमध्ये बसून हा खेळ खूप खेळलोय. विश्रामबाग, सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, भवानीनगर. भाच्याने वही घेतली आणि भराभरा नावं पाडली. 'नांद्रे लूझर'. 'भिलवडी सर्फ', कारण तिथे कृष्णा जवळ आहे. 'कराड गुडबाय'.

"क्रायबेबी कुठे टाकू?"

"ताकारी," मी म्हणालो.

"ताकारीला कोण रडणार मामा?"

तेव्हा एकच रूळ होता. क्रॉसिंगसाठी परतीची गाडी ताकारीला थांबली की अर्धा-पाऊण तास हलायची नाही. उद्यापासून येऊ नका, हा कारखान्याचा फोन मला तिथेच आला होता, आणि दोन्ही कान चालू असलेल्या इअरफोनमध्ये दोन्ही गिटारी वाजत होत्या.

"टाक तू," मी म्हणालो. "यमकाला बरं आहे."

"यमक कुठे जुळतंय?" असं म्हणत त्याने टाकलं.