मॅलॅट-१ नेमका कुणाच्या बाजूचा?

गुरुवार, रात्र

उद्या जर्नल क्लबला (लॅबमध्ये एकेकाने एखादा शोधनिबंध मांडायचा, मग त्यावर चर्चा) माझी पाळी आहे आणि मी मॅलॅट-१ नावाचा आरएनए घेतलाय. सर नुसतं 'बरं' म्हणाले, म्हणजे त्यांना विषय फारसा रुचलेला नाही. या एका आरएनएवर इतकं छापून आलंय की आता नवीन काय सांगणार, असं त्यांच्या मनात असणार. मला नेमकं तेच खुपतंय. इतकं छापून आलं, तरी हा आरएनए कॅन्सर पसरवतो की पसरू देत नाही यावर चांगल्या चांगल्या लॅबचं एकमत नाही.

स्लाइड करताना पहिला प्रश्न आला तो प्रोजेक्टला आलेल्या मुलीचा. बी.एस्सी.त शिकवलेलं तिला पक्कं पाठ आहे: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. तिला पुढे न्यायचं तर आकडे सांगायलाच हवेत. माणसाच्या जनुकसंचात साधारण ३०० कोटी अक्षरं. प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २० हजार, आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी. २०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाचे (जनुकसंचाचा कुठला भाग काय करतो हे शोधणारा मोठा प्रकल्प) निकाल आले तेव्हा दिसलं की कुठल्या ना कुठल्या पेशीत, कधी ना कधी, जवळजवळ तीन चतुर्थांश जनुकसंचाची आरएनए प्रत निघते. त्यातल्या २०० अक्षरांहून लांब आणि प्रथिन न बनवणाऱ्या प्रती म्हणजे लाँग नॉन-कोडिंग आरएनए. हा २०० चा आकडा जीवशास्त्रातून आलेलाच नाही. आरएनए काढायच्या नेहमीच्या पद्धतींत त्याहून लहान तुकडे वेगळे पडायचे, म्हणून तिथे रेघ मारली, एवढंच. २०२३ मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून ती रेघ ५०० वर न्यावी असं सुचवलंय.

प्रत निघाली म्हणजे ती काही काम करतेच असं नाही, हेही सांगावं लागेल. एन्कोडवाल्यांनी ८० टक्के जनुकसंचाला 'काम' चिकटवलं तेव्हा उत्क्रांतीवाले त्यांच्यावर तुटून पडले. माझ्या मते बरोबरच पडले.

पण काही आरएनए असे आहेत की त्यांच्या कामाबद्दल शंकाच उरत नाही. झिस्ट घ्या. १९९१ मध्ये सापडला, माणसात साधारण १७ हजार अक्षरांचा. बायकांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक गर्भात फार लवकर बंद केलं जातं. जे बंद व्हायचं त्याच्यावरूनच झिस्टची प्रत निघते, केंद्रकाबाहेर न जाता त्याच गुणसूत्रावर पसरते आणि ते मिटवणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेते. हे लिहिणाऱ्या हाताच्या पेशींतही ते गुणसूत्र तसंच मिटलेलं आहे. प्रथिनाशिवाय आरएनए काय करू शकतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता मॅलॅट-१. तो पहिल्यांदा नजरेत आला २००३ मध्ये, जर्मनीतल्या म्युन्स्टरला. तिथल्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुरुवातीच्या टप्प्यातले ट्यूमर घेतले. काही रुग्णांत रोग पुढे पसरला होता, काहींत नाही. फरक शोधताना हा आठ हजारांहून जास्त अक्षरांचा आरएनए वर आला. ज्यांचा रोग पसरला त्यांच्या ट्यूमरमध्ये तो जास्त होता. लगोलग नावातही मेटास्टॅसिस, म्हणजे रोगाचं पसरणं, घातला गेला. तिथून पुढे स्तन, यकृत, आतडं, जिथे बघावं तिथे 'मॅलॅट-१ वाढलेला आढळला'.

आणि २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी मॅलॅट-१ नसलेले उंदीर तयार केले. इतका मुबलक आरएनए, माशांपासून माणसापर्यंत टिकून राहिलेला; काढला तर काहीतरी बिघडणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. काही म्हणजे काही झालं नाही.

मग २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सर पेशींतून तो घालवला तर उंदरात गाठी कमी पसरल्या. २०१६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या डेव्हिड स्पेक्टर यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरात तेच दाखवलं: मॅलॅट-१ घालवला की ट्यूमर निवळतो, पेशी पुन्हा थोड्याफार शहाण्यासारख्या वागू लागतात, फुप्फुसात रोग कमी पोचतो. इथवर कथा सरळ होती. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधून ली मा यांच्या गटाचा पेपर आला. उंदराचं कॅन्सर मॉडेल तेच आणि निष्कर्ष बरोबर उलटा. मॅलॅट-१ बंद केला तर रोग जास्त पसरला. तो परत दिला तर पसरणं थांबलं.

हाच पेपर उद्या. झोपायला हवं.


शुक्रवार

बरं झालं. तासाभराचं जर्नल क्लब दोन तास चाललं, चहा दोनदा झाला.

वादाचं मूळ मी असं मांडलं. आरएनए घालवायचा म्हणजे नक्की काय करायचं? कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या उंदरात जनुकाचा सुरुवातीचा तुकडा प्रमोटरसकट (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ती जागा) कापून टाकलेला आहे. ह्यूस्टनवाल्यांनी डीएनए जवळपास जागच्या जागी ठेवून सुरुवातीलाच मध्ये एक 'इथे थांब' अशी खूण घुसवलेला उंदीर वापरला. आरएनए दोन्हीकडे गेला. पण भाडेकरूला बाहेर काढायला एकाने घराची पुढची भिंतच पाडली आणि दुसऱ्याने नुसतं दाराला कुलूप लावलं. भिंत पाडल्यावर शेजारच्या घराला तडे गेले तर त्याचं खापर भाडेकरूवर फोडता येत नाही. डीएनएच्या त्या तुकड्यात शेजारच्या जनुकांना चालवणाऱ्या खुणा असू शकतात, आणि २०१२ च्या उंदरांत आसपासच्या काही जनुकांची पातळी बदललेली दिसलीही होती.

ह्यूस्टनचा पेपर मला आवडतो तो 'परत देण्या'मुळे. दुसऱ्याच ठिकाणाहून मॅलॅट-१ पुरवला आणि परिणाम उलटा फिरला, म्हणजे तो आरएनएचाच होता, जागेचा नव्हे. रेस्क्यू म्हणतात तो हाच प्रयोग, आणि या क्षेत्रातल्या कितीतरी पेपरांत तो नसतोच. शिवाय त्यांनी यंत्रणाही दाखवली: मॅलॅट-१ टीईएडी नावाच्या प्रथिनाला धरून बसतो, त्यामुळे त्याचा जोडीदार वायएपी त्याला येऊन मिळू शकत नाही आणि पसरायला मदत करणारी जनुकं चालू होत नाहीत.

सरांनी मग नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं, ते अँटिसेन्सवर, म्हणजे आरएनएला जुळून चिकटणारा आणि तो कापायला लावणारा छोटा तुकडा. "२०१६ च्या लोकांनी अँटिसेन्सही दिला होता. त्यात डीएनएला कुणी हात लावलेला नाही. आरएनएच कापला. तरी पसरणं कमीच झालं. त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोलीतही कुणाकडे नव्हतं. अँटिसेन्सचे स्वतःचे इतर परिणाम असू शकतात, उंदराची जात वेगळी, वेळ वेगळी. हे सगळं म्हणता येतं, पण म्हणणं म्हणजे दाखवणं नव्हे. वाद मिटलेला नाही. २०२४ मध्येसुद्धा एका बाजूला झोपलेल्या स्तन कॅन्सर पेशींना जागं व्हायला मॅलॅट-१ मदत करतो असा पेपर आहे, आणि दुसऱ्या बाजूला हाडात रोग पसरण्यापासून तो वाचवतो असाही.

शेवटी ती प्रोजेक्टची मुलगी म्हणाली, "ताई, मग ज्यात काही वादच नाही असा एखादा आजार सांगा ना."

तिला चेझरची गोष्ट सांगितली. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला आलं. एकमेकांशी नातं नसलेली तीन मुलं, तिघांचीही मेंदूची वाढ गंभीरपणे खुंटलेली. तिघांतही गुणसूत्राच्या एका प्रतीवरचा चेझर नावाच्या लाँग नॉन-कोडिंग आरएनएचा भाग गळालेला. शेजारी सीएचडी-२ हे जनुक आहे. त्याचं प्रथिन कमी पडलं तर मुलांना फिट्सचा आजार होतो, हे आधीपासून माहीत होतं. चेझर एरवी त्याला आवरून धरतो. तो गेला आणि प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनू लागलं. इथे शेजारी हाच सगळा मुद्दा आहे. प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपुरतीच तपासणी केली असती तर या मुलांचं निदान कधीच झालं नसतं. ती मुलगी बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत बसली.


शनिवार

लॅबमध्ये मी आणि सेंट्रिफ्यूज, दोघंच. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना गॅपमर (अँटिसेन्सचाच एक प्रकार) देऊन ठेवला होता, त्यांचा आरएनए काढला. मॅलॅट-१ केंद्रकातच बसलेला असतो, त्यामुळे साध्या एसआय-आरएनएवर (आरएनए दाबायची नेहमीची पद्धत, ती मुख्यतः केंद्रकाबाहेर चालते) मी भिस्त ठेवत नाही. गॅपमर आत जाऊन आरनेज-एच या पेशीतल्या एन्झाइमकडून तो कापून घेतो.

कितीही वेळा केलं तरी ट्रायझॉलचं (पेशी फोडून आरएनए काढायचं द्रावण) काम मला आवडतं. क्लोरोफॉर्म घालून नळी जोरात हलवायची, थंड सेंट्रिफ्यूजला पंधरा मिनिटं लावायची. बाहेर काढली की तीन थर: खाली गुलाबी, मध्ये साईसारखी पांढरी पट्टी, वर स्वच्छ पाणी. आरएनए त्या पाण्यात. पिपेटची टीप पांढऱ्या पट्टीजवळ नेताना लोभ आवरावा लागतो. शेवटचे थोडे मायक्रोलिटर सोडून द्यायचे, नाहीतर डीएनए आला म्हणून समजा. मग आयसोप्रोपॅनॉल, पुन्हा सेंट्रिफ्यूज. तळाशी पेलेट दिसतो तो नखाएवढाही नसतो, नळी उजेडात तिरकी धरली तर एक धूसर डाग. इथेनॉलने धुताना तो सुटून टीपमध्ये जाऊ नये म्हणून माझा श्वास आपोआप रोखला जातो.

मॅलॅट-१ ची शेपटीही न्यारी आहे. इतर बऱ्याच आरएनएंना शेवटी 'ए' अक्षरांची लांब माळ जोडलेली असते; याच्या टोकाशी तिहेरी पीळ असतो, म्हणून तो लवकर झिजत नाही. म्हणूनच आरएनएची डीएनए प्रत (सीडीएनए) करताना मी 'ए'च्या माळेला धरणारे नव्हे, तर मुद्दाम रँडम प्रायमर (कुठेही चिकटून प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे) वापरते. आणि मुबलक तर इतका की एकेका पेशीतले आरएनए मोजलेला सिंगल-सेल डेटा कुठलाही उघडा, यादीत वरच्या बाजूला हा असतोच. पेशीचं केंद्रक शाबूत होतं की नाही हे बघायलाही लोक त्याचा उपयोग करतात.

क्यूपीसीआरला (आरएनए किती उरला ते मोजणारी चाचणी) मॅलॅट-१ चांगलाच उतरलेला दिसला. पेशी किती सरकतात हे बघायला त्याच पेशींच्या थरावर टीपने ओरखडा काढून ठेवला होता. तो मात्र गॅपमर दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही प्लेट्समध्ये सारख्याच वेगाने भरून आला. या एका प्रयोगावरून मी काहीही म्हणणार नाही. प्लॅस्टिकवर सरकणं आणि रक्तातून फुप्फुसात जाऊन घर करणं यांत फार अंतर आहे. या पेशी तरी कुठून आल्या? १९७० च्या दशकात, त्याच एम. डी. अँडरसनमध्ये, एका बाईच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून. तिच्या शरीराबाहेर इतकी वर्षं प्लॅस्टिकवर वाढल्यावर त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची?


रविवार

सकाळी एक जुना पेपर घेऊन बसले. ठरावीक साचा: अमुक आरएनए तमुक मायक्रो-आरएनएला (जनुकांना दाबणारा चिमुकला आरएनए) शोषून घेतो, म्हणून पेशी वाढतात. चार आलेख, एक वेस्टर्न ब्लॉट, शेवटी बाणांचं चित्र. प्रायमरची अक्षरं ब्लास्टमध्ये (अक्षरं कुठल्या जनुकाला जुळतात ते शोधणारं साधन) टाकली तर ती भलत्याच जनुकाला जुळली. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न यांनी अशा चुकीच्या अक्षरांचे पेपर शोधून काढायचं कामच हाती घेतलं आहे, आणि त्यांना ते ढिगाने सापडतात. काही निष्काळजीपणाचे, काही सरळ विकत घेतलेले. मी आता असला पेपर वाचायच्या आधी ब्लास्ट करते. एखाद्या पेशीत त्या आरएनएच्या प्रती किती असतात आणि त्या मायक्रो-आरएनएच्या प्रती किती, हा साधा हिशेबही बरेच जण करत नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती असलेला आरएनए हजारोंनी असलेल्या मायक्रो-आरएनएला कसा शोषणार?

दुपारी काकांचा फोन. पीएसए (प्रोस्टेटच्या तपासणीसाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) थोडं वाढलेलं आलंय, मागे बायॉप्सी झाली तेव्हा काही निघालं नव्हतं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की परदेशात लघवीतून आरएनए तपासतात. खरं आहे, म्हटलं. पीसीए-३. तोसुद्धा लाँग नॉन-कोडिंग आरएनएच, १९९९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या ट्यूमरमध्ये सापडला. पीएसए प्रथिन साध्या सुजेनेही वाढतं. पीसीए-३ मात्र बहुतेक प्रोस्टेट कॅन्सरमध्ये चांगलाच वाढतो, निरोगी प्रोस्टेटमध्ये तितका नसतो. अमेरिकेत २०१२ मध्ये त्याच्या चाचणीला मान्यता मिळाली, आणि तीही नेमकी अशांसाठी, ज्यांची आधीची बायॉप्सी कोरी आली आहे आणि पुन्हा करावी का असा प्रश्न आहे. डॉक्टर आधी गुदद्वारातून प्रोस्टेट दाबतात, मग लघवीचा पहिला भाग घेतात, हे ऐकून काका जरा गप्प झाले.

"मग हाच कॅन्सर करतो का?"

"चाचणीला त्याच्याशी काही घेणं नाही, काका. तो रोगाबरोबर दिसतो एवढं पुरतं. तो रोग करतो का, हा वेगळा प्रश्न, आणि तो सोडवायला उंदीर लागतात." मी त्यांना युरोलॉजिस्टला रिपोर्ट दाखवून एमआरआयबद्दल विचारायला सांगितलं.

"आणि तू ज्याच्यावर काम करतेस त्याची टेस्ट कधी निघणार?"

मॅलॅट-१ निरोगी पेशींतही खच्चून भरलेला असतो, त्यामुळे टेस्टसाठी तो फारसा कामाचा नाही, म्हटलं. औषध म्हणाल तर आधी तो दाबायचा की वाढवायचा हे ठरू दे.

"म्हणजे अजून वेळ आहे," काका म्हणाले, आणि फोन काकूकडे दिला.