स्वान्सीचा गिल्डहॉल: पांढऱ्या दगडाआडचं रान

वेल्समधल्या स्वान्सीच्या गिल्डहॉलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीला, मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला आतल्या ब्रँग्विन हॉलमध्ये मैफलीची तालीम चालू होती, त्यामुळे बाहेरूनच परतावं लागलं. म्हणून आधी हेच सांगते: निघण्यापूर्वी हॉल बघता येईल का, ते विचारून घ्या. त्याहून बरं म्हणजे तिथल्या एखाद्या मैफलीचंच तिकीट काढा. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा मी तेच केलं.

कार्डिफहून रेल्वेने साधारण तासाभरात स्वान्सी येतं. स्टेशनपासून गिल्डहॉल अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. समुद्र जवळ, पाऊस नेहमीचा आणि वारा असा की छत्री टिकत नाही. टोपीचं जर्किनच घ्या.

पर्सी थॉमस यांनी आखलेली ही इमारत १९३४ साली खुली झाली. सगळी पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाची. नक्षीकाम अगदी मोजकं; सगळा दिमाख मोठमोठ्या सपाट भिंतींचा आणि उंच कमानीचा. घड्याळाचा मनोरा सुमारे १६० फुटी. त्याच्या वरच्या भागाकडे नीट बघा, दगडातून व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींच्या, जहाजाचं पुढचं टोक बाहेर आलेलं दिसेल. स्वेन नावाच्या व्हायकिंग राजावरून गावाचं नाव पडलं अशी समजूत आहे, तिची ही खूण. फेब्रुवारी १९४१मध्ये लागोपाठ तीन रात्री बॉम्ब पडून शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, तेव्हा ही इमारत वाचली.

आत मात्र रंगांचं रान आहे. फ्रँक ब्रँग्विन यांची १६ प्रचंड चित्रं भिंतींवर आहेत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या उमरावांच्या स्मरणार्थ ती लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससाठी, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहासाठी, रंगवून घेतली होती. विषय ब्रिटिश साम्राज्य. १९३०मध्ये लॉर्ड्सनी ती नाकारली. त्यांना ती फार भडक वाटली. स्वान्सीने ती मागून घेतली आणि ती मावावीत म्हणून हॉलचं छत आराखड्यातच उंच केलं. चित्रांसाठी इमारत बदलणारी नगरपालिका मला फार आवडली.

आई मान वर करून बघत राहिली. "अगं, ही तर केळीची पानं!" फळं, पक्षी, जनावरं आणि उघड्या अंगाची माणसं एकमेकांत इतकी गुंतलेली की माणूस शोधून काढावा लागतो. रंग अप्रतिम आहेत. पण आपल्यासारख्यांनी बघताना एक गोष्ट खुपतेच: सगळीकडे सुगी आहे, भुकेलं कोणी नाही. साम्राज्यात आपल्याकडे दुष्काळांत काय झालं, ते या भिंतींवर नाही. तरीही ही चित्रं बघावीतच, आणि हे मनात ठेवून बघावीत.

चित्रं उंचावर आहेत, तेव्हा छोटी दुर्बीण न्या. मैफलीच्या अर्धा तास आधी पोचा. दिवे मंद झाले की बारकावे दिसत नाहीत.

निघताना जवळच्या सेंट हेलन्स मैदानावर जरूर जा. १९६८मध्ये गॅरी सोबर्स यांनी एका षटकात सहा षटकार मारले ते इथेच. १९८५ साली वानखेडेवर तीच कामगिरी करणारे आपले रवी शास्त्री पुढे ग्लॅमॉर्गन या वेल्समधल्या काउंटी संघाकडून खेळले, आणि सेंट हेलन्स हे ग्लॅमॉर्गनच्याच घरच्या मैदानांपैकी एक होतं. हे कळल्यावर आईने तिथे दोन फोटो जास्त काढायला लावले.